हिरडीच्या पेशी आणि इम्प्लांटची मान : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी, सोमवार

तपासायचे पदार्थ चार: ग्रेड ४ चं शुद्ध टायटॅनियम, ग्रेड २३ चा टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मिश्रधातू, यिट्रिया घातलेलं झिर्कोनिया (सिरॅमिक) आणि पीईईके पॉलिमर (एक कणखर प्लास्टिक). इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या कृत्रिम दातमुळावर) बसून हिरडीतून वर येणाऱ्या अबटमेंटसाठी, म्हणजे जोडभागासाठी, किंवा हिरडी भरेपर्यंत लावायच्या हीलिंग अबटमेंटसाठी हे चारही वापरात आहेत.

हाडातल्या भागाचा प्रश्न ह्या प्रकल्पात घेतलेला नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडात दिसलं, १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं, आणि पुढे त्या बाजूवर अफाट काम झालं. हिरडीची बाजू अजूनही कच्ची आहे. नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटमचा (हाडासारख्या पदार्थाचा) थर असतो; हिरडीतले कोलॅजनचे तंतू त्यात घुसून रोवले जातात. इम्प्लांटच्या मानेवर सिमेंटम नसतं. तिथे तंतू पृष्ठभागाला समांतर धावतात किंवा मानेभोवती गोल फिरतात, आत रुजत नाहीत. हिरडीचा फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणारी पेशी) त्या पृष्ठभागाला किती घट्ट धरतो यावर बरंच अवलंबून राहतं. ती पकड सुटली की जिवाणूंना हाडापर्यंत वाट मिळते.

म्हणून प्रश्न दोन आणि ते वेगळे ठेवायचे: पदार्थ पेशीला मारतो का, आणि पेशी पदार्थाला धरते का. पहिल्याचं उत्तर आयएसओ १०९९३ ह्या वैद्यकीय साहित्याच्या जैविक चाचण्यांच्या मानकमालिकेतल्या भाग ५ ची चाचणी देते. दुसऱ्याचं ती देत नाही. वेळ आणि ह्या पदार्थांच्या चाचणीसाठी केलेल्या चकत्या दोन्ही दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवायच्या.

चकतीचं माप: व्यास १४ मिमी, जाडी २ मिमी. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलचा व्यास साधारण १५.६ मिमी, त्यामुळे चकती चिमट्याने काढता-घालता येते आणि कडेला फारशी फट राहत नाही. दोन्ही तोंडं मिळून ३.०८ चौ. सेमी, कड ०.८८ चौ. सेमी, एकूण ३.९६ चौ. सेमी. त्याच मालिकेतल्या भाग १२ मधलं प्रमाण ह्या जाडीच्या घन नमुन्यांना ३ चौ. सेमीला १ मिली, म्हणजे एका चकतीला १.३२ मिली माध्यम (पेशी वाढवायचा पोषक द्रव); चकती त्यात भिजवून मिळतो तो अर्क. हिशेबात कड धरायचीच; ती सोडली तर अर्क जवळजवळ सव्वापट दाट होतो.

निगेटिव्ह कंट्रोल (तुलनेसाठी पेशींना निरुपद्रवी पदार्थ) हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन. पॉझिटिव्ह कंट्रोल (पेशींना घातक पदार्थ) म्हणून त्याच मापाची शुद्ध तांब्याची चकती. मानकात सेंद्रिय कथिलयुक्त पीव्हीसी आणि जस्त-डायथिलडायथायोकार्बामेट घातलेलं पॉलियुरेथेन ही उदाहरणं आहेत. अर्काच्या चाचणीला पॉलियुरेथेनची फिल्मही लावणार आहोत. थेट संपर्काच्या चाचणीत मात्र कंट्रोलचा आकार नमुन्यासारखाच हवा. तांबं तिथे नीट बसतं.

८ जानेवारी, बुधवार

चकत्या लेथवरून आलेल्या, तेलकट. तेलाचा अंश राहिलेला टायटॅनियम पेशी मारतो आणि दोष धातूच्या नावावर जातो. क्रम असा: साध्या ब्रशने डिटर्जंटमध्ये घासणं, वाहतं डीआयनाइझ्ड पाणी, मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ॲसिटोन १५ मिनिटं, इथेनॉल १५ मिनिटं, अतिशुद्ध पाणी १५ मिनिटं दोन वेळा. डिटर्जंट स्वतः पेशीविषारी आहे, म्हणून पाण्याची दुसरी फेरी कधीच गाळायची नाही.

प्रत्येक पदार्थाचं बीकर वेगळं. टायटॅनियम झिर्कोनियावर घासलं गेलं की पांढऱ्या चकतीवर करडे ओरखडे उमटतात. तो धातूच असतो, धुऊन जात नाही. स्टीलच्या चिमट्याने टायटॅनियम दाबून धरायचं नाही, टेफ्लॉनच्या टोकाचा चिमटा वापरायचा आणि फक्त कडेला.

पॉलिश सिलिकॉन कार्बाइड कागदावर ३२०, ६००, १२०० अशा क्रमाने, चारही पदार्थांना तोच क्रम. पण तोच कागद म्हणजे तोच खरखरीतपणा नव्हे. झिर्कोनिया कडक असल्याने कागद त्यावर घसरतो आणि पीईईके मऊ असल्याने त्यात खोल चरे पडतात. म्हणून कागदाच्या नंबरावर विश्वास न ठेवता प्रत्येक तुकडीतल्या चकत्या प्रोफाइलोमीटरवर (खरखरीतपणा मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायच्या. लक्ष्य ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास. तोंडात त्याहून गुळगुळीत केल्याने जिवाणूंचं साचणं फारसं कमी होत नाही, त्याहून खरखरीत असलं तर वाढतं. हाडातला १ ते २ मायक्रोमीटरचा खरखरीतपणा मानेवर नको.

खरखरीतपणा सारखा न करता पदार्थांची तुलना केली तर ती खरखरीतपणाचीच तुलना ठरते.

१० जानेवारी, शुक्रवार

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मराठी संमतिपत्र तयार. उती अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत किंवा क्राउन लेंग्थनिंगमध्ये (दाताचा जास्त भाग उघडा करायला हिरडी कापणं) तसाही कापून टाकला जाणारा तुकडा, ३ ते ५ मिमी, सूज नसलेला.

कोणाची उती घ्यायची नाही हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं. तंबाखू, गुटखा, मशेरी, सुपारी यांपैकी काहीही चालू असेल तर नाही. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टचं वागणंच बदलतं. संमतिपत्रासोबतच्या प्रश्नावलीत ‘तंबाखू खाता का’ एवढंच विचारून भागत नाही. मशेरी लावणाऱ्या अनेक बायका त्याला तंबाखू समजत नाहीत, ती वेगळी विचारावी लागते. औषधांत फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅम्लोडिपिन-निफेडिपिन गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील तरी नाही, कारण ह्या तिन्हींनी हिरडी वाढते.

तुकडा कापण्याआधी रुग्णाने क्लोरहेक्झिडीनने चूळ भरलेली असते. ते उतीला चिकटून राहतं आणि फायब्रोब्लास्टना घातक आहे. उपाय: कापल्यावर लगेच निर्जंतुक सलाइनमध्ये खंगाळणं, मग दुप्पट प्रतिजैविकं घातलेल्या डीएमईएममध्ये (पेशींचं पोषक माध्यम) बर्फावर आणणं, हूडमध्ये पीबीएसने (क्षारांचा बफर द्रव) पुन्हा पाच वेळा धुणं. तुकडा काही तासांत लावायचा.

लावण्याची पद्धत: ब्लेडने १ मिमीचे बारीक तुकडे, चिरडून नव्हे तर दोन ब्लेडांनी कात्रीसारखं कापून. २५ चौ. सेमीच्या फ्लास्कमध्ये आठ-दहा तुकडे अंतर ठेवून. ३० ते ४५ मिनिटं फ्लास्क कोरडाच इनक्युबेटरमध्ये, तुकडे चिकटेपर्यंत. मग फक्त १.५ मिली माध्यम, कडेने, हळू. सुरुवातीलाच ५ मिली ओतलं की तुकडे तरंगतात, आणि तरंगलेल्या तुकड्यातून पेशी बाहेर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी माध्यम ३ मिलीपर्यंत वाढवायचं.

माध्यम: डीएमईएम, १० टक्के गर्भवासराचं सिरम, पेनिसिलिन १०० युनिट प्रति मिली, स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पहिल्या दोन आठवड्यांपुरतं अ‍ॅम्फोटेरिसिन बी २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. तोंडातल्या उतीबरोबर कँडिडा (बुरशी) येतोच असं धरून चालायचं. ३७ अंश से., ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

२० जानेवारी, सोमवार

तुकड्यांच्या कडेने पेशी बाहेर पडल्या आहेत. दोन प्रकार: लांबट, तकलीसारख्या, सुट्या चालणाऱ्या म्हणजे फायब्रोब्लास्ट, बहुकोनी, एकमेकींना चिकटून फरशीसारख्या पसरणाऱ्या म्हणजे वरच्या थराच्या केराटिनोसाइट. दुसऱ्या नको आहेत. सिरमच्या माध्यमात त्या स्वतःहून मागे पडतात, पण त्यावर सोडायचं नाही. पहिल्या पॅसेजला (पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये हलवताना) ट्रिप्सिनचा (पेशी सोडवणाऱ्या विकराचा) वेळ आखडता घ्यायचा: फायब्रोब्लास्ट दोन-तीन मिनिटांत सुटतात, केराटिनोसाइटना त्याहून बराच वेळ लागतो. सुटलेल्या घ्यायच्या, राहिलेल्या फ्लास्कसकट टाकायच्या.

दर तिसऱ्या दिवशी अर्धं माध्यम बदल. पूर्ण बदललं तर पेशींनी स्वतः सोडलेली वाढद्रव्यं निघून जातात आणि विरळ कल्चर रेंगाळतं.

३० जानेवारी, गुरुवार

८० टक्के भरल्यावर पहिला पॅसेज. फ्लास्क पूर्ण भरेपर्यंत थांबायचं नाही. दाटलेल्या फायब्रोब्लास्टनी कोलॅजनचा पापुद्रा विणला की ट्रिप्सिनने एकेक पेशी सुटत नाही, चादर सुटते आणि मोजणी बिघडते. पीबीएसने दोन वेळा धुणं (सिरम राहिलं तर ते ट्रिप्सिनला निकामी करतं), ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए १ मिली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, गोल झाल्या की लगेच सिरमयुक्त माध्यमाने थांबवणं, १००० आरपीएमवर ५ मिनिटं.

मोजणी न्यूबाउर चेंबरमध्ये (चौकोन आखलेली काच) ट्रिपॅन ब्लूबरोबर (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) समप्रमाणात. चार कोपऱ्यांच्या चौकोनांची सरासरी गुणिले २ गुणिले १०,०००. सरासरी ४८ आली तर ९,६०,००० पेशी प्रति मिली. जिवंतपणा ९५ टक्क्यांखाली असेल तर ती तुकडी चाचणीला घ्यायची नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा पॅसेज. ओळख तपासणी: व्हायमेंटिन (फायब्रोब्लास्टमध्ये असणारं प्रथिन) सर्व पेशींत, सायटोकेराटिन (केराटिनोसाइटची खूण) कुठेही नाही. मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) पीसीआर निगेटिव्ह. ही चाचणी टाळता येत नाही: मायकोप्लाझ्मा माध्यम गढूळ करत नाही, ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून निघून जातो, आणि एमटीटीचे (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे बदलतो. बाहेरून सगळं निरोगी दिसतं.

साठवण: ९० टक्के सिरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारा द्रावक), एका वायलमध्ये १० लाख पेशी, मिनिटाला साधारण १ अंशाने थंड होणाऱ्या डब्यात उणे ८० वर एक रात्र, मग द्रव नायट्रोजन. चाचण्या पॅसेज ३ ते ६ मध्येच. पुढे पेशी पसरट आणि आळशी होत जातात.

समांतर चाचणीसाठी उंदराची एल९२९ पेशीमाला, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून. एल९२९ लवकर वाढते, सगळीकडे सारखी असते, मानकात तीच आहे. निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेशी ताडून पाहायला ती हवी. हिरडीची पेशी प्रत्यक्षात तो पदार्थ भोगणारी आहे. एकीचं काम दुसरी करत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चकत्यांची शेवटची सफाई आज, चारही पदार्थांची आणि कंट्रोलची एकाच दिवशी. कारण टायटॅनियमचा पृष्ठभाग हवेत पडून राहिला की हवेतले हायड्रोकार्बन त्याच्या ऑक्साइडवर बसत जातात आणि तो हळूहळू पाणी नाकारू लागतो. ताज्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब पसरतो, काही आठवड्यांनी तोच थेंब उभा राहतो. जानेवारीत साफ केलेलं टायटॅनियम आणि कालचं झिर्कोनिया यांची तुलना म्हणजे वयाची तुलना. प्रत्येक चकतीच्या पिशवीवर सफाईची तारीख लिहायची आणि त्याच तुकडीतल्या एका सुट्या चकतीवर संपर्ककोन (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) मोजून ठेवायचा.

निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर २० मिनिटं, पिशवीत. ऑटोक्लेव्हच्या टाकीत साधं पाणी असेल तर वाफेबरोबर क्षार आणि गंज चकतीवर येतात. टायटॅनियमवर निळसर-पिवळे डाग दिसले तर पाणीच तपासायचं. इथिलीन ऑक्साइड टाळलं, पॉलिमरमध्ये त्याचा अंश राहतो आणि तो विषारी आहे. झिर्कोनियाच्या चकत्या पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह करायच्या नाहीत. दमट उष्णतेत त्याचे चतुष्कोनी स्फटिक एकनताक्ष (वेगळ्या रचनेचे) होत जातात. १३४ अंशांवरची वाफ हीच त्याची मुद्दाम म्हातारं करायची मानक पद्धत आहे. एक फेरी चालते, चकती धुऊन परत वापरणं नाही. पॉलिइथिलीनला १२१ अंश सोसत नाहीत, ते ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० मिनिटं आणि पीबीएसने तीन वेळा धुऊन.

२० ते २२ फेब्रुवारी, गुरुवार ते शनिवार: अर्काची चाचणी

१९ ला शिवजयंतीची सुट्टी असल्याने तीन सलग दिवस गुरुवारपासून धरले.

गुरुवार. अर्क: एका चकतीला एक लहान काचेची बाटली, आतला व्यास १६ मिमी, १.३२ मिली पूर्ण माध्यम, झाकण घट्ट, ३७ अंश, २४ तास, हलक्या हेलकाव्यावर. तीन चकत्या एकाच नळीत टाकायच्या नाहीत. त्या एकमेकींवर बसतात, तोंडं झाकली जातात आणि कागदावरचं क्षेत्रफळ खोटं ठरतं. सिरम असलेलं माध्यम मुद्दाम घेतलं: पाण्यात विरघळणारे आणि न विरघळणारे दोन्ही प्रकारचे अंश ते ओढून घेतं. चकती न घातलेलं माध्यमही तशाच बाटलीत, तितकाच वेळ. कोऱ्या वेलना (पेशी आहेत पण अर्क नाही) हेच द्यायचं, फ्रीजमधलं ताजं नाही.

त्याच दिवशी पेशी: एल९२९ वेलमागे १०,०००, हिरडीच्या ५,०००. हिरडीची पेशी आकाराने मोठी असते. १०,००० टाकल्या तर अर्क घालायच्या वेळी वेल भरलेला असतो, आणि भरलेल्या वेलमध्ये वाढ मंदावल्याचं दिसतच नाही. प्लेटमधले आतले ६० वेलच वापरायचे. कडेच्या वेलमध्ये पेशी नाहीत, फक्त माध्यम; तिथून बाष्पीभवन होतं. ६० वेलना १०० मायक्रोलिटरप्रमाणे ६ मिली लागतं, ७ मिली करायचं.

मांडणी: दुसरा आणि अकरावा स्तंभ कोरा. मधले आठ स्तंभ दोन पदार्थांना, प्रत्येकी १००, ७५, ५० आणि २५ टक्के अर्क, प्रत्येकी सहा वेल. एका पदार्थाला एका पेशीप्रकारासाठी १.५ मिली अर्क, दोन प्रकारांना ३ मिली; तीन चकत्या एकत्र केल्या की ३.९६ मिली मिळतो, म्हणजे पुरून थोडा उरतो.

शुक्रवार. अर्क गाळला नाही, सेंट्रिफ्यूज केला नाही, सामूही जुळवला नाही. गाळलं तर कण जातात आणि कणच कदाचित दोषी असतात. तांब्याच्या बाटलीतलं माध्यम निळसर-हिरवट झालेलं, बाकीची लालच. सगळ्या बाटल्या जांभळट दिसल्या असत्या तर पदार्थापेक्षा झाकणाचा संशय घ्यायचा होता, कारण कार्बन डायऑक्साइड निसटला की माध्यम अल्कली होतं. जुनं माध्यम काढून १०० मायक्रोलिटर अर्क. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला, तळाला नाही.

शनिवार. आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ० ते ४ श्रेणी (० म्हणजे पेशी ठीक, ४ म्हणजे तीव्र नुकसान) लिहायची, मगच एमटीटी. आकडा आल्यावर पाहिलं तर डोळा आकड्याच्या मागे जातो. एमटीटी १ मिग्रॅ प्रति मिली, फिनॉल रेड आणि सिरम नसलेल्या माध्यमात, वेलमागे ५० मायक्रोलिटर, २ तास. द्रव काढून १०० मायक्रोलिटर आयसोप्रोपॅनॉल, हलवणं, ५७० नॅनोमीटर, संदर्भ ६५०. हिरडीच्या पेशींचे जांभळे स्फटिक आयसोप्रोपॅनॉलमध्ये सावकाश विरघळतात. सुया दिसत असताना प्लेट वाचली तर मोजमाप कमी येतं. पुढच्या फेरीत त्यांना डीएमएसओ.

निकाल वाचण्याआधी प्लेट ग्राह्य आहे का ते पाहायचं. कोऱ्या वेलची सरासरी ०.२ च्या वर हवी. डावा आणि उजवा कोरा स्तंभ एकूण सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त फरकाने नको. तसा फरक म्हणजे पेशी असमान पडल्या. आणि ५० टक्के अर्कात जिवंतपणा १०० टक्के अर्कापेक्षा कमी नसावा. तिन्ही अटी पूर्ण.

चारही पदार्थ दोन्ही पेशीप्रकारांत ७० टक्के जिवंतपणाच्या रेषेच्या (तिच्याखाली पदार्थ पेशीविषारी धरतात) बरेच वर, पॉलिइथिलीनच्या जवळ. तांबं आणि पॉलियुरेथेन रेषेच्या खाली, सौम्य अर्कात परत वर येणारे. चांगल्या प्रतीच्या साफ चकत्यांकडून हेच अपेक्षित होतं. टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचाच, पण तो धातूला माध्यमापासून वेगळं ठेवतो. झिर्कोनिया आधीच ऑक्साइड. पीईईकेमधून फारसं काही झिरपत नाही. ह्या चाचणीने चौघांत निवड होत नाही. जाहिरातीत ‘जैवसुसंगत सिद्ध’ म्हणून बहुधा हीच चाचणी दाखवली जाते, म्हणून हे ठळक लिहून ठेवायचं: ती नापास झालेल्याला बाहेर काढते, पास झालेल्यांना क्रम लावत नाही.

३ मार्च, सोमवार: थेट संपर्क

खरं काम इथे आहे, आणि फसगतीच्या जागाही इथेच जास्त.

पहिली जागा, पेशी कुठे पडतात. चकतीवर ८० मायक्रोलिटरचा थेंब ठेवून पेशी लावायची पद्धत सर्रास आहे. ती वेगवेगळ्या पदार्थांच्या तुलनेला चालत नाही. ताज्या टायटॅनियमवर थेंब पसरून कडेवरून खाली ओघळतो. पीईईकेवर तो गोळा होऊन मध्येच बसतो आणि पेशी दाटीने उतरतात. पीईईकेवर एका जागी गर्दी, टायटॅनियमवर विरळ, आणि हे पेशींच्या पसंतीमुळे झालंय असा समज होतो. म्हणून पूर्ण १ मिली द्रवात लावायचं: वेलचं क्षेत्रफळ १.९ चौ. सेमी, घनता २०,००० प्रति चौ. सेमी, म्हणजे वेलमागे ३८,००० पेशी. चकतीचं वरचं तोंड १.५४ चौ. सेमी, त्यावर साधारण ३०,८०० उतरतात. बाकीच्या फटीतून खाली. प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवताना गोल फिरवायची नाही, पेशी मध्यभागी गोळा होतात; पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकवायची आणि खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं स्थिर ठेवायची.

दुसरी जागा, खाली पडलेल्या पेशी. त्या वेलच्या प्लास्टिकवर छान वाढतात. वेलमध्येच रंगद्रव्य घातलं तर चकतीबरोबर त्यांचंही मोजमाप येतं, आणि चकतीवर एकही पेशी नसली तरी पदार्थ उत्तीर्ण दिसतो. पेशीसंवर्धनासाठी प्रक्रिया न केलेल्या प्लेट घ्यायच्या, त्यावर पेशी नीट धरत नाहीत. आणि प्रत्येक मोजणीआधी चकती चिमट्याने नव्या वेलमध्ये हलवायची.

तिसरी जागा, पॉलिइथिलीन. त्याची घनता पाण्याहून कमी, चकती तरंगते आणि पेशी तिच्या खालून निसटतात. निर्जंतुक सिलिकॉन रिंगने दाबून ठेवावी लागते. मग तीच रिंग सगळ्या वेलमध्ये हवी, आणि फक्त रिंग असलेला वेलही. पीईईके तरंगत नाही, पण पाणी नाकारत असल्याने खाली हवेचा बुडबुडा धरून तिरकं बसतं. पेशी लावण्याआधी सगळ्या चकत्या तासभर माध्यमात बुडवून ठेवल्या.

मोजणीच्या वेळा: १ तास, ४ तास, २४ तास, ७२ तास, सातवा दिवस. रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे चमकू लागणारं रंगद्रव्य) १० टक्के, तीन तास, मग १०० मायक्रोलिटर काळ्या प्लेटमध्ये, ५६०/५९० नॅनोमीटर. एमटीटीपेक्षा इथे हे बरं: पेशी मरत नाहीत, तीच चकती नंतर रंगवता येते. प्रत्येक पदार्थाची पेशी नसलेली चकतीही त्याच द्रवात ठेवून तिचं मोजमाप वजा करायचं.

१० मार्च, सोमवार

सातव्या दिवसाची मोजणी झाली. शेवटच्या आकड्यात टायटॅनियमचे दोन्ही ग्रेड आणि झिर्कोनिया एकमेकांत मिसळून गेलेले. पीईईके मागे, पण त्याच्याही पेशी जिवंत आणि वाढणाऱ्या. फरक खरा दिसतो तो १ आणि ४ तासांना: पीईईकेवर हलकं धुतलं तरी पेशी सुटतात. सात दिवसांनी सगळं भरून गेल्यावर मोजलं तर सुरुवातीची पकड झाकली जाते. शस्त्रक्रियेनंतर हिरडी मानेभोवती बसते तेव्हाची पहिली पकड महत्त्वाची, म्हणून अहवालात पहिल्या दोन वेळांचे आलेख पुढे ठेवायचे.

धुण्याचा जोर ठरवून घ्यायचा. पिपेटने धुताना हात बदलला की आकडा बदलतो. चकती पीबीएसच्या बीकरमध्ये तीन वेळा बुडवून काढायची, पिपेट नाही.

आजच धातूंची स्थिर बुडवण चाचणी सुरू, आयएसओ १०२७१ (दंतधातूंच्या गंजण्याचं मानक) प्रमाणे: ०.१ मोलर लॅक्टिक अ‍ॅसिड आणि ०.१ मोलर मीठ, सामू २.३, ३७ अंश, ७ दिवस, चौ. सेमीला १ मिली. हा द्राव पेशींवर घालायचा नाही. सामूच त्यांना मारेल. त्यातले आयन फक्त मोजायचे. ग्रेड २३ मध्ये व्हॅनेडियम आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळे पाहायचे.

१३ मार्च, गुरुवार

रंगवणं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, ०.१ टक्के ट्रायटन ५ मिनिटं, १ टक्के बीएसए ३० मिनिटं, व्हिंक्युलिनची (पेशीच्या पकडीच्या जागी असणारं प्रथिन) प्रतिपिंडं, फॅलॉइडिन (पेशीचा सांगाडा दाखवायला), डॅपी (केंद्रकं दाखवायला). चकत्या अपारदर्शक, त्यामुळे नेहमीच्या इन्व्हर्टेड सूक्ष्मदर्शकाखाली खालून काहीच दिसत नाही. चकती काचेच्या तळाच्या डिशमध्ये पालथी, मध्ये माउंटिंग द्रवाचा थेंब. सरकवायची नाही, उचलून ठेवायची. सरकवली की पेशी खरवडल्या जातात.

पीईईके निळ्या-हिरव्या पट्ट्यात स्वतःच चमकतं. तिथे डॅपीने केंद्रकं मोजणं कठीण. लाल किंवा दूर-लाल रंगद्रव्याने मोजायची. कोऱ्या पीईईके चकतीचं चित्र त्याच एक्स्पोजरला घेतल्याशिवाय त्यावरचा एकही आकडा अहवालात जाणार नाही.

टायटॅनियम आणि झिर्कोनियावर पेशी ताणलेल्या, कडेला व्हिंक्युलिनचे ठिपके स्पष्ट. पॉलिशच्या चऱ्यांच्या दिशेने पेशी लांबल्या आहेत, म्हणून शेवटची फेरी सगळ्या चकत्यांवर एकाच दिशेने हवी. पीईईकेवर पेशी गोलसर, ठिपके कमी.

१७ मार्च, सोमवार

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नमुने. २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, कॅकोडायलेट बफरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर. पीबीएसमधून सरळ अल्कोहोलमध्ये जायचं नाही. फॉस्फेटचे स्फटिक पेशीवर बसतात आणि चित्रात जिवाणूंसारखे दिसतात. इथेनॉल ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के, प्रत्येकी १० मिनिटं, १०० टक्के दोन वेळा. एचएमडीएस ह्या द्रावकाने वाळवणं, वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड). झिर्कोनिया आणि पीईईके वीज वाहून नेत नाहीत, सोन्याचा थर कडेपर्यंत आणि बुडाशी कार्बन टेप, नाहीतर चित्र पांढरं फटक येतं. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक आहे, त्याचा कचरा वेगळ्या बाटलीत. पेशी आणि उतीचा कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, द्रव हायपोक्लोराइटमध्ये.

बुडवण चाचणीचा द्रावही आज काढला. टायटॅनियमचे आयन उदासीन सामूला ऑक्साइड होऊन तळाशी बसतात, त्यामुळे द्राव आम्लातच ठेवून आयसीपी-एमएसला (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) पाठवायचा, पातळ करतानाही आम्लानेच.

२४ मार्च, सोमवार

आकडेमोड कशी करायची ते पक्कं. सहा वेल म्हणजे सहा निरीक्षणं नव्हेत. ती एकाच दात्याच्या, एकाच दिवसाच्या पेशींची सहा मोजमापं. त्यांची आधी सरासरी. निरीक्षणं म्हणजे दाते, आणि किमान तीन दाते झाल्याशिवाय कोणताही ‘लक्षणीय फरक’ लिहायचा नाही. वेलच्या संख्येवर पी मूल्य काढलं तर कुठलाही फरक लक्षणीय करता येतो.

दुसऱ्या दात्याची उती लागलेली आहे, कडेने पेशी दिसू लागल्या. तिसऱ्यासाठी प्रश्नावलीत मशेरीचा प्रश्न तंबाखूच्या आधी घेतला. पुढच्या फेरीसाठी चकत्या: ग्रेड ४ च्या दोन तुकड्या, एक सफाईनंतर दोन दिवसांत वापरायची, दुसरी चार आठवडे साध्या पिशवीत ठेवून. दवाखान्यात पोचणारं अबटमेंट दुसऱ्या प्रकारचं असतं. पीईईकेची अर्धी तुकडी ऑक्सिजन प्लाझ्मा करून (त्याने पृष्ठभाग पाणी धरू लागतो), त्याच दिवशी लावायची. पहिल्या तासाची पकड फक्त पाणी नाकारण्यामुळे सुटत असेल तर तिथे फरक दिसला पाहिजे. अर्काची चाचणी दर दात्याला परत करायची नाही, फक्त नव्या चकत्यांच्या तुकडीला एकदा, एल९२९ वर.